मसाल्याला कुठलं पुस्तक

कामतघर, १७ मार्च

मनाली,

नावाआधी सौ. लिहावं की नाही या विचारात अर्धी दुपार गेली. शेवटी नुसतं मनाली लिहिलं. राग आला तर येऊ दे, मलाही तुझा आहेच. नवरात्रात चार दिवस म्हणून अकलोलीला भावाकडे गेलीस ती गेलीसच. सासूला एक शब्द नाही. असो.

हे पत्र तुला बोलवायला नाही, हे आधीच सांगते. काम वेगळं आहे. मिरच्या आल्यात. उद्यापासून आक्का आणि शेजारची गोदूबाई गच्चीवर देठं मोडायला बसणार, आणि दोघींनी मिरच्यांचा भाव विचारायच्या आधी मला विचारलं, यंदा मसाल्याला कुठलं पुस्तक? मी काय सांगणार? निवडायचीस तू, वाचायचीस तू. आम्ही नुसत्या कान देऊन बसायचो.

तू लग्न होऊन आलीस त्या पहिल्या उन्हाळ्यात आम्ही तुला हसलो होतो, आठवतं ना? नव्या सुनेने पापड लाटायचे सोडून पुस्तक घेऊन बसावं म्हणजे काय! आक्का तर म्हणाली होती, मोठी जाऊ म्हणून मी सांगते, धोंडू, तुझी सून कामचुकार हाय. आठवड्यात तीच आक्का घरचं जेवण अर्धवट टाकून वर यायला लागली. मग आपोआप रीतच पडली. मसाल्याला हसरं पुस्तक, कारण डोळ्यांतून पाणी वाहतच असतं, त्यात आणखी रडायचं कशाला. पापडाला तुकड्या-तुकड्यांचं, मध्येच उठून पापड उलटावे लागतात. लोणच्याला भाऊबंदकीचं आणि कोर्टकचेरीचं. सुकट निवडताना प्रेमाचं वाचायचं नाही, गोदूबाई नाक दाबून हसते आणि दुसऱ्यांना ऐकू देत नाही. आणि हातात काम नसेल त्या टळटळीत दुपारी थंडीचं, नाहीतर पाण्याचं. एकाही पुस्तकाचं नाव आम्हाला ठाऊक नाही. आपल्या जमिनीवरच्या पुस्तकांच्या गोदामातून, गाळ्यातून यायची ती पुठ्ठा फाटलेलीच यायची. आमच्यासाठी ती मसाल्याचं पुस्तक, पापडाचं पुस्तक, एवढीच.

तर मसाल्याला काय घेऊ, ते कळव. फोन करू नकोस. माझा फोन मितेश बघतो, बायकोचा नंबर दिसला की त्याचं डोकं फिरतं. तुमच्या अकलोलीची बुधी करवंदं, जांभळं जे काय असेल ते घेऊन इथे नाक्यावर बसते, तिच्या हाती चिठ्ठी दे. तिला वाचता येत नाही, आणि येत असतं तरी तिने वाचली नसती.

हो, आणि एक. पौषात माझ्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. मोतीबिंदू गेला. हे अक्षर माझं स्वतःचं आहे. सातवीनंतर एवढं लांबलचक पहिल्यांदाच लिहितेय, तेव्हा चुका काढू नकोस.

धोंडूबाई


कामतघर, ४ एप्रिल

मनाली,

तुझी चिठ्ठी मिळाली. ‘आता डोळे आलेत, तुम्हीच निवडा.’ बस? एवढंच? अगं, चार ओळी जास्त लिहिल्या असत्यास तर काय बिघडलं असतं! पण ठीक आहे. चिठ्ठी मी फेकली नाही, डब्यात ठेवलीय.

मग निवडलं मी. तुझ्या सासऱ्यांना म्हटलं, मला गाळ्यावर सोडा. ते म्हणाले, तिथे तुझं काय काम? आपल्याच जमिनीवर उभे असलेले गाळे, इतकी वर्षं भाडं घरात येतं, आणि मी आत पहिल्यांदा पाऊल टाकलं. काय गारवा गो आत! छताला टेकतील एवढ्या उंच पुस्तकांच्या थप्प्या. एका कोपऱ्यात फाटक्यांचा ढीग होता. मी त्याच्यापुढे फतकल मारून बसले आणि एकेक उघडून वास घेत गेले. पहिलं पान वाचायचं, मग मधलं कुठलंतरी. बाहेर ऊन भाजत होतं आणि मी कुणाच्या कुणाच्या घरांत शिरून बाहेर येत होते. एका पानावर बर्फ पडत होता, एका पानावर कुणी म्हशीचं बारसं करत होतं. मला वाटलं आता डोळा लागणार, आणि लागलाच. हमालांनी हाक मारून उठवलं.

मसाल्याला एका लबाड न्हाव्याचं पुस्तक मिळालं. आक्का इतकी हसली की तिच्या नाकातोंडात तिखट गेलं. मी अडखळत वाचते. गोदूबाई म्हणते, धोंडूच्या वाचण्यावर मिरच्या वाळून पुन्हा हिरव्या होतील. म्हणू दे.

मागे कापडाच्या लूमची खटखट तशीच चालू असते. शुक्रवारी लूम बंद, तेव्हा माझा आवाज मलाच फार मोठा वाटतो आणि आम्ही तिघीही दचकून जाग्या होतो. तुला मात्र त्या आवाजावर आवाज न चढवता वाचता यायचं. कसं जमायचं कोण जाणे.

भाविकचं लग्न ठरलं, हे बुधीने सांगितलं असेलच. मेच्या मध्याला हळद. धाकट्या दिराला पहिली हळद मोठ्या वहिनीने लावायची, हे तुला मी सांगायला नको. तेवढ्यापुरतं तरी यावंस. लोक विचारतात. तुझे सासरे म्हणतात, तिला लिही, तुझं ती ऐकते. म्हणून लिहिते. मितेशही गप्प गप्प असतो हल्ली. तू गेल्यावर सगळ्यांना सांगत सुटला होता की पुस्तकांनी हिचं डोकं बिघडवलं, आता तेही बोलत नाही.

बुधी म्हणाली, तुमची सून रात्री दार सताड उघडं टाकून झोपते, भाऊ ओरडला तरी लावत नाही. असं करू नये. मागे डोंगर आहे, साप शिरायला किती वेळ लागतो? दार लावत जा.

धोंडूबाई


कामतघर, २१ एप्रिल

मनाली,

आज भांडण झालं गच्चीवर, आणि त्याला कारण तू.

पापड संपले. आता कामाशिवायच्या दुपारी. दोघींनी हट्ट धरला की गेल्या वर्षीचंच पुस्तक पुन्हा वाच, समुद्रातल्या दिव्याच्या मनोऱ्याचं. कारण काय, तर त्याचा शेवट प्रत्येकीला वेगळा आठवतो. गोदूबाई म्हणते, ती मनोऱ्यावरची बाई होडीतून पळून जाते. आक्का म्हणते, छे, नवऱ्याच्या पायाला साप चावतो आणि ती त्याला वाचवते. मला वाटत होतं, शेवटी सगळा समुद्र वर येतो आणि मनोरा तरंगायला लागतो. कुणाचंच खरं नसणार. तू वाचायचीस आणि आम्ही ओल्या लुगड्याच्या आडोशाला पेंगायचो. जी जिथे झोपली तिने तिथून पुढचं स्वप्नात पाहिलं. उठल्यावर कुठलं पुस्तकातलं आणि कुठलं आपलं, हे वेगळं करता यायचं नाही. मला तर ते आवडायचं. दुपारभर आपण कुणीतरी दुसरंच असायचो.

पण बाई सगळ्यांना आठवते. नवरा संध्याकाळी दिवा लावायला वर जायचा तो बाहेरून कडी घालून, कुलूप लावून जायचा. वारा फार आहे म्हणायचा. ती बाई रात्रभर खिडकीत बसून उजेडाचा झोत किती वेळा फिरला ते मोजायची. गोदूबाई तेव्हा किती चिडली होती. वाऱ्याला कुणी कुलूप घालतं का, म्हणाली होती.

तर पुस्तक शोधलं. आक्काला तुझ्या खोलीतच, खिडकीत मिळालं. निळा पुठ्ठा अर्धा फाटलेला, म्हणजे तेच. मी वाचायला घेतलं. मनोरा आला, समुद्र आला, दिवा लावणारा आला. पुढे वाचलं. दिवा लावणारा म्हातारा निघाला. एकटा. त्याने एक बोकड पाळलाय. गोदूबाई म्हणाली, बायको कुठं हाय? मी म्हटलं, येईल पुढे. आली नाही. चार दुपारी वाचलं, पुस्तक संपलं, बोकड मेला, म्हातारा बोटीत बसून निघून गेला. बायको नाही, कडी नाही, कुलूप नाही.

गोदूबाई तावातावाने उठली. म्हणाली, तुझं ऑपरेशन बिघडलंय, तुला बाई दिसत न्हाय. आक्का म्हणाली, ही मुद्दाम गाळून वाचते, कंटाळा येतो म्हणून. मी पानांचे नंबर तपासले. एकही पान गळलेलं नाही.

निळ्या पुठ्ठ्याची दोन पुस्तकं होती का गो? दुसरं तू घेऊन गेलीस का? असेल तर बुधीकडे दे. नाहीतर या दोघी मला जगू देणार नाहीत.

धोंडूबाई


कामतघर, ५ मे

मनाली,

तू उत्तर दिलं नाहीस. बुधी म्हणाली, चिठ्ठी वाचून सूनबाई बराच वेळ गरम पाण्याच्या कुंडाच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसली आणि मग घरात गेली. ते ऐकलं आणि वाटलं, दुसरं पुस्तक असतं तर तू सरळ दिलं असतंस.

काल दुपारी मी एकटीच तुझ्या खोलीत गेले. मोतीबिंदू असताना मी वर यायचे ती जिन्याला धरून, थेट गच्चीवर. तुझ्या दाराशी थांबून कधी बघितलंच नव्हतं, आणि बघितलं असतं तरी सगळं दुधात बुडाल्यासारखं होतं. काल बघितलं. दाराला बाहेरून कडी आहे, तशी सगळ्याच दारांना असते. पण त्या कडीने रंगावर कमान कोरलीय, आतलं लाकूड दिसतंय. आमच्या खोलीच्या दारावर साधा ओरखडा नाही. तुझ्या दाराचं कुलूप अजून खिळ्याला लटकतंय. मी खोलीत जाऊन दार लोटून घेतलं आणि तुझ्या खिडकीत बसले. समोर लूमचे पत्रे, त्यांच्यावर ऊन. मागच्या रस्त्याने ट्रक वळतात ना, त्यांचे दिवे रात्री भिंतीवरून फिरत असणार. तेच मोजायचीस ना तू?

मग सगळं आठवत गेलं. तू पुस्तकात मान घालून वाचायचीस, वेळच्या वेळी पान उलटायचीस. त्या दोघींना अक्षर येत नाही, मला दिसत नव्हतं. कोण पकडणार? त्या बाईला ताप आला होता, तो भाग तू वाचलास. घशाला कोरड पडली तरी तिने जोरात हाक मारली नाही, खालच्या म्हाताऱ्या माणसांची झोप मोडेल म्हणून. आक्का रडली होती. तिने विचारलं, का गो, त्या घरात सासू न्हाय काय?

आणि तू वाचलंस, “सासू होती. पण तिला दिसत नव्हतं.”

मी तिथेच होते, तुझ्यापासून हातभर लांब. मला त्या सासूची कीव आली होती, मनाली. बिचारी, म्हटलं होतं मी.

अजून एक आठवतंय, पण ते खरं की स्वप्न हे मला कळेना, म्हणून आक्काला विचारलं. ती म्हणाली, स्वप्न कसलं, तूच बोललीस, मी जागी होते. झोपेतच बोलल्यासारखी बोललीस. “मी त्या पोरीची सासू असते तर सांगितलं असतं, कडी उघडी मिळाली की जा. कुणाला विचारत बसू नको.”

त्यानंतर तू पुस्तक मिटलंस. पुढचं कधी वाचलंच नाहीस. म्हणून प्रत्येकीचा शेवट वेगळा. आणि मी मेली तुझ्या नावाने सहा-सात महिने बोटं मोडतेय, की सासूला न विचारता गेली. सगळ्यांच्या देखत विचारलं होतंस तू मला. मी उत्तरही दिलं होतं.

काल जेवताना मितेशला मी विचारलं, रात्रपाळीला जाताना बायकोला कुलूप का घालायचास? त्याने मान वर केली नाही. म्हणाला, गाळ्यांवर परगावची माणसं फिरतात, रात्रीचं कोण कुठून येईल, काळजीपोटी. मी म्हटलं, “मग किल्ली तिच्याजवळ का नव्हती?” तो ताट सरकवून उठला. मी त्याची आई आहे, त्याने ताट सरकवलं की माझ्या घशाखाली घास उतरत नाही. काल पहिल्यांदा मी पोटभर जेवले.

तुझ्या सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी उठून पंखा वाढवला. मग म्हणाले, घरातली गोष्ट घरात मिटव, कार्य तोंडावर आहे. म्हणजे त्यांना थोडंफार ठाऊक होतं. विचारायचं धाडस मला झालं नाही.

धोंडूबाई


कामतघर, १२ मे

मनाली,

घर पाहुण्यांनी भरलंय. खाली मंडप घालतायत, भाविकच्या मित्रांनी भोंगे आणलेत, लूमसुद्धा ऐकू येत नाहीत. मी लोणच्याच्या कैऱ्या चिरायचं निमित्त काढून गच्चीवर आलेय. सोबत गोदूबाई आहे, तिला म्हटलं, मी हिशेब लिहितेय, बोलू नकोस. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि जिन्याकडे तोंड करून बसली. तिलाही कळलंय सगळं. मी सांगितलं नाही, पण बोकडाच्या गोष्टीनंतर तीही विचार करत होतीच. परवा मला म्हणाली, धोंडू, पुस्तक बरोबर होतं, आपुन चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, नाही गो, ऐकलं बरोबर.

आधी पुस्तकाचं. बुधीच्या पाटीत करवंदांच्या खाली एक पुस्तक ठेवलंय, ते तुझ्यासाठी. मीच निवडलं, पूर्ण वाचून निवडलं. अकलोलीला उन्हाळ्यात आधीच कुंडांची वाफ, म्हणून गार बघितलं. एक बाई डोंगरातल्या शाळेत एकटी शिकवायला जाते आणि थंडी पडते. एवढंच होतं त्यात. कुणी तिला त्रास देत नाही, कुणी तिला न्यायला येत नाही. संध्याकाळी ती चूल पेटवते आणि वाचत बसते. मला आधी वाटलं, यात गोष्ट कुठाय? मग दुपारी डोळा लागला आणि मी त्याच शाळेत होते. तू पुढच्या खोलीत काहीतरी वाचत होतीस, मला शब्द कळत नव्हते, नुसता आवाज येत होता. जाग आल्यावर वाईट वाटलं. हे पुस्तक जसं लिहिलंय तसंच तू वाच, त्यात तुला काही घालावं लागणार नाही.

आता मुख्य गोष्ट. नीट वाच.

हळदीच्या दिवशी सकाळी इथून गाडी निघणार आहे. तुझे सासरे, मितेश आणि भावकीतली दोन वडीलधारी माणसं. तुझ्या भावाला आधीच फोन गेलाय, हरेशने हो म्हटलंय. त्याला दोष देऊ नकोस, म्हातारी माणसं पागोटी घालून दारात आली की त्यालाही नाही म्हणवणार नाही. ते तुला ओरडणार नाहीत. गोड बोलतील. म्हणतील, हळदीपुरती चल, दोन दिवसांनी परत आणून सोडतो. मंडपात चारशे माणसांदेखत तुला भाविकच्या शेजारी बसवतील, हळद लावायला लावतील, आणि मग परत कोण सोडतंय? हे मला त्यांनी सांगितलेलं नाही. पण इतकी वर्षं या घरात काढली, मला सांगावं लागत नाही.

चैत्रात मी तुला हळदीला ये म्हणून लिहिलं होतं, तेही याच बेतातलं. तेव्हा मला कडीचं ठाऊक नव्हतं. पण लिहिणारा हात माझाच, म्हणून आता त्याच हाताने लिहिते. येऊ नकोस.

हळद आक्काची सून लावेल. लोक विचारतील, मी सांगेन. काय सांगायचं ते अजून ठरलं नाही, पण तुझं डोकं बिघडलं होतं असं कुणाला म्हणू देणार नाही. मितेशला मी जन्म दिलाय, त्याला टाकता येणार नाही मला. पण तुझ्या खोलीची कडी मी परवा सुताराला बोलावून उपटून काढली. सासरे म्हणाले, शुभकार्यात हे काय अभद्र? मी म्हटलं, दुसऱ्या सुनेची खोलीही वरच आहे.

तू यावीस असं मला वाटत नाही, असं समजू नकोस. फार वाटतं. सकाळी चहा गाळताना दोन कप काढते आणि एक परत ठेवते. पुढच्या उन्हाळ्यात मसाल्याला मी वाचेन, गोदूबाई हसेल, सगळं होईल, तरी तुझ्या आवाजाची भूक राहणारच. म्हणून तर मला माझाच भरवसा नाही.

ते मला गाडीत पुढच्या सीटवर बसवणार आहेत. सासरे आत्ताच म्हणाले, तू हाक मारलीस तर ती येईल. मी नाही म्हटलं. पण परवापर्यंत घरातल्या सगळ्यांनी माझ्यामागे लकडा लावला, भाविक रडला, तर मी बसेनसुद्धा. मी काही फार धीराची बाई नाही. आणि तुझं दार समोर दिसलं, तू दारात उभी दिसलीस, तर माझं तोंड माझं ऐकणार नाही. मी रडेन, पदर पसरेन, चल गो बाय म्हणेन.

तेव्हा माझंही ऐकू नकोस.

धोंडूबाई